डॅशबोर्ड हिरवागार आहे, मग वस्ती नाराज का?

माळावरचा

आधीच सांगून टाकतो, मी पुण्यात एका कंपनीत डॅशबोर्ड बनवायचं काम करतो, म्हणजे साहेब लोकांना सकाळी चहाबरोबर जे हिरवे-लाल चौकोन बघायला लागतात ते रात्री बसून जुळवणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे "डेटा वाईट, जुनं ते सोनं" म्हणायला हा धागा काढलेला नाही, माझी भाकरीच त्याच्यावर आहे. पण मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, साताऱ्याच्या माण तालुक्यात, तिथे जे बघितलं ते डोक्यातून जाईना म्हणून इथे टाकतोय, झोडायचं तर झोडा.

आमच्या वस्तीवर एका खाजगी डेअरीचं छोटं संकलन सेंटर होतं. डेअरीचं नाव घेत नाही. काटा, फॅटचं मशीन, मशीनवर बसणारा एक पोरगा, बास एवढंच. संध्याकाळचं दूध वस्तीवर जेमतेम दोन-अडीच कॅन व्हायचं. माझ्या भावाच्या चार गायी, अजून दोघातिघांचे बरे गोठे, बाकी सगळे एक-दोन गायीवाले, त्यात आमच्या शेजारच्या काकू, एकच गाय, संध्याकाळी तीन-चार लिटर.

डेअरीने वर्षाचा हिशोब मांडला, टेम्पोचं डिझेल, पोराचा पगार, लिटरमागे खर्च, आणि वस्तीचं संध्याकाळचं संकलन बंद केलं. दूध गावातल्या मेन सेंटरला आणून घाला म्हणाले, तीन किलोमीटर. ज्याच्याकडे गाडी आहे तो घालतो. काकूंनी दोन महिने कुणाकुणाच्या गाडीवर किटली पाठवली, मग लोक पण कंटाळतात, मग घरातच दही लावायला लागल्या, मग गाय विकली. अशी चार-पाच घरं झाली.

आता मजा बघा. मी गेलो तेव्हा डेअरीचा सुपरवायझर आमच्याच अंगणात चहा प्यायला बसला होता, चांगला मुलगा आहे, त्याने मोबाईलवर अभिमानाने दाखवलं. प्रति उत्पादक सरासरी दूध वाढलं. लिटरमागे संकलन खर्च कमी झाला. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, १ ते ५" असा मेसेज पाठवला होता त्याचा आकडा पण आधीपेक्षा वर गेला. तिन्ही चौकोन हिरवे.

मी दोन मिनिटं गप्प बसलो कारण मला लगेच कळलं काय झालंय. सरासरी वाढली कारण लहान लोक गळाले. समाधान वाढलं कारण मेसेज फक्त चालू कोड नंबरवाल्यांना (दूध घालणाऱ्याचा डेअरीतला खाते नंबर) जातो आणि जे नाराज होते त्यांचे कोड बंद झालेत. एकही आकडा खोटा नाही हो! पोराने काही लपवलं पण नाही. आणि मला खरी टोचणी ही लागली की मी ऑफिसमध्ये असाच रिपोर्ट बनवतो, "ॲक्टिव्ह कस्टमर" चा फिल्टर लावून.

मग माझा प्रश्न असा, आकड्यांवर निर्णय घेतल्याने संस्थेशी जोडलेली माणसं खरंच समाधानी होतात, की आपण फक्त समाधानी माणसंच मोजायला उरवतो?

लेजरबुक

बावीस वर्षं दूध धंद्यात हिशोबाच्या टेबलावर काढलीत, सहकारी पण बघितलं आणि खाजगी पण. लिहिलंय चांगलं पण अर्धंच लिहिलंय.

धार काढली की दूध अंगाच्या ऊबेचं असतं, ३५-३७ डिग्री. ते ४ डिग्रीला नेईपर्यंत घड्याळ चालू असतं. एप्रिल-मे मध्ये माणमध्ये संध्याकाळी सहाला पण काय ऊन असतं ते तुम्हाला सांगायला नको. दोन कॅनसाठी टेम्पो वाकडी वाट करून तुमच्या वस्तीवर येणार, तोवर आधीच्या तीन गावांचं दूध टेम्पोत तापत उभं. एक कॅन आंबूस निघाला आणि चुकून बल्क कूलरमध्ये, म्हणजे सगळ्यांचं दूध गार करायच्या मोठ्या टाकीत, ओतला गेला तर अख्खा कूलर जातो. तो तोटा कुणाच्या पगारातून जातो? वस्तीच्या नाही, सगळ्यांच्या.

हा हिशोब पूर्वी पण होताच, फक्त दिसत नव्हता. मोठ्या गावांतले शेतकरी तुमच्या वस्तीचं डिझेल भरत होते आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. आकड्याने तेवढं उघडं केलं. त्या मोठ्या गावातल्या दीडशे लोकांना लिटरमागे चार पैसे जास्त मिळाले तर ते पण संस्थेशी जोडलेलीच माणसं ना? का जी आपल्या शेजारी राहते तीच तेवढी माणूस?

आणि आकडे नव्हते तेव्हा कोणतं सेंटर ठेवायचं, कोणतं बंद करायचं हे कसं ठरायचं ते पण मी बघितलंय. चेअरमनच्या मेहुण्याच्या वस्तीवर गाडी जायची, आठ लिटरसाठी सुद्धा. बाकीच्यांनी बोंबलत बसायचं. त्यापेक्षा डिझेलचा कागद बरा.

हिरवा_चारा

काका तुमचं पटतंय पण "चार पैसे जास्त मिळाले तर" मधला तो "तर" फार मोठा आहे 😄 आमच्याकडे दोन सेंटर बंद केली, दर तिथेच आहे.

लेजरबुक

तो वेगळा मुद्दा आहे. वाचलेला पैसा कुठे गेला हे विचारा, जरूर विचारा, भांडा. पण त्याला पण आकडेच लागतील.

सांजधार

मी स्वतः दूध घालते म्हणून बोलते, सहा गायी आहेत आमच्या, चार एचएफ दोन जर्सी. लेजरबुक काकांच्या बाजूने थोडं आणि विरोधात जास्त.

बाजूने हे, की मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई दूध घालायच्या आणि सेंटरवरचा माणूस तोंड बघून फॅट लिहायचा. खरंच. पाटलाच्या दुधाला ४.१, आमच्या दुधाला ३.२, गायी एकाच गोठ्यातून विकत आणलेल्या बहिणी-बहिणी! सासूबाई रोज रडत यायच्या. मग मशीन आलं, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), लिटर, दर सगळं छापून पावती यायला लागली, त्या दिवसापासून सासूबाईंचा आवाज बदलला. त्यांना वाचता येत नव्हतं तरी पावत्या डब्यात घालून ठेवायच्या, दहा दिवसांनी दुधाचा पगार आला की माझ्याकडून मोजून घ्यायच्या. त्यामुळे आकड्याने माणूस समाधानी होत नाही असं मला कुणी सांगू नये, मी डोळ्यांनी बघितलंय.

विरोधात हे. माळावरचा दादा म्हणतो संध्याकाळचं संकलन लिटर कमी म्हणून बंद केलं. पण संध्याकाळचं दूध लिटरला कमी असतं तरी फॅटला जास्त लागतं, कारण सकाळच्या धारेपासून संध्याकाळपर्यंत मध्ये वेळ कमी जातो. हे कुठल्याही गोठ्यातल्या बाईला विचारा. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर असतो आणि त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे (०.१ ला) दर कापला जातो, त्याला कट म्हणतात, तर एक गायवालीचा सकाळचा कट संध्याकाळच्या दुधाने भरून निघतो. तुम्ही तिची संध्याकाळच काढून घेतली आणि वर म्हणताय लिटरमागे खर्च वाचला. सुपरवायझर म्हणाला असेल फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळच्यात मिसळा. बरोबर का दादा?

माळावरचा

ताई शब्दशः हेच म्हणाला. काकूंकडे फ्रीज नाही. आणि ज्यांच्याकडे होता त्यांच्यातल्या एकाचं मिसळलेलं दूध परत आलं.

बिनसाखर

अन्नतंत्रज्ञान शिकलोय म्हणून थोडं जुनं उकरतो, विषयाशी जोडलेलंच आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये १८९० साली स्टीफन बॅबकॉक नावाच्या प्राध्यापकाने दुधातलं फॅट मोजायची सोपी रीत काढली. त्याआधी तिकडच्या डेअऱ्या दूध नुसतं वजनावर घ्यायच्या म्हणजे पाणी घालणाऱ्याची चांदी आणि चांगल्या गायी पाळणाऱ्याचं नुकसान, रोज भांडणं. बॅबकॉकने काय केलं, नळीत दूध, त्यात सल्फ्युरिक ॲसिड, गरगर फिरवायचं, फॅट वर येतं, नळीवरच्या रेघा बघून वाचायचं. पेटंट पण घेतलं नाही, म्हणाला सगळ्यांनी वापरा. भांडणं मिटली. आपल्याकडे दूध संघांत जी गर्बर नळीची चाचणी चालायची ती स्विस माणसाची, साधारण त्याच सुमाराची, तत्त्व तेच.

आता माझा मुद्दा. त्या नळीत शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी फॅटचा पिवळा थर दिसायचा. शंका आली तर शेजारी उभा राहून परत करायला लावता यायचं. आजचं अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींवर चालणारं) मशीन म्हणजे डबा आहे. दूध आत जातं, एक मिनिटात आकडा येतो. मशीन रोज नीट धुतलं नाही, दुधात हवेचे बुडबुडे राहिले, दूध फार गार किंवा फार गरम असलं, कॅलिब्रेशन (आकडा बरोबर येतोय का ते जुळवून बघणं) सहा महिने झालं नाही, की आकडा हलतो. कितीने हलला हे समोरच्याला कळायची सोय नाही. अचूकता कदाचित वाढली असेल पण तपासायची ताकद शेतकऱ्याच्या हातून गेली. समाधान अचूकतेवर अवलंबून नसतं माझ्या मते, आपल्याला ते तपासता येतं का यावर असतं.

लेजरबुक

बिनसाखर साहेब, तुम्ही ती नळी पुस्तकात बघितली, मी रोज बघायचो. नळी जरा तिरकी धरली की एक-दोन पॉइंट इकडचे तिकडे. वाचणारा माणूस कोण, त्यावर फॅट. ॲसिड जास्त पडलं की थर काळा, कमी पडलं की दह्यासारखं. आणि तपासायची ताकद म्हणे! संघाच्या माणसाला "नळी सरळ धरा" म्हणायची हिंमत किती जणांत होती? सांजधार ताईंच्या सासूबाईंना होती का? डब्याला निदान पाटील कोण ते कळत नाही.

सांजधार

हे मात्र खरंय. नव्हती हिंमत.

सर्व्हिसिंगला_गेलेला

दुधातलं मला काही कळत नाही पण "समाधान मोजणे" या प्रकारावर मला ओकायचंय. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. ब्रेकचा आवाज होता, तसाच आहे. गाडी घ्यायला गेलो तर पोरगा हात जोडून म्हणतो सर कंपनीतून फोन येईल, प्लीज १० द्या, ९ पण नको, ८ दिलं तर माझा इन्सेंटिव्ह जातो. मी म्हटलं अरे ब्रेकचं काय, तर म्हणाला सर ते मी तुम्हाला पुढच्या वेळी फुकट बघून देतो पण १० द्या. मी दिले १०. बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय. आता वरच्या मजल्यावर बसलेल्या साहेबाच्या स्क्रीनवर मी अतिसमाधानी ग्राहक आहे आणि माझा ब्रेक अजून कुईकुई करतोय.

इंग्लंडच्या चार्ल्स गुडहार्ट नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनाच्या धोरणाबद्दल बोलताना साधारण हेच म्हटलं होतं, की एखाद्या आकड्यावर तुम्ही नियंत्रणासाठी भार टाकला की तो आकडा पूर्वीसारखा वागायचा थांबतो. त्याला आमच्या सर्व्हिस सेंटरला नेलं असतं तर एका वाक्यात पटवलं असतं.

हिरवा_चारा

ब्रेक आधी नीट करून घ्या साहेब, चर्चा नंतर.

रेडिंगची_मावशी

इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षं झाली मला, मूळची साताऱ्याची. "डब्याला पाटील कोण ते कळत नाही" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

इथे पोस्ट ऑफिस चालवणारे छोटे दुकानदार असतात, सबपोस्टमास्तर म्हणतात, त्यात आपले भारतीय लोक कितीतरी. १९९९ पासून पोस्टाने सगळीकडे होरायझन नावाची कॉम्प्युटर सिस्टीम बसवली, फुजित्सूची. संध्याकाळी हिशोब लावायला बसलं की सिस्टीम म्हणायची पैसे कमी आहेत, कधी शंभर पौंड कधी हजारो. करारात असं होतं की तूट आली तर दुकानदाराने भरायची. लोकांनी स्वतःची बचत घातली, घरं गहाण टाकली. मदतीला फोन केला की कितीतरी जणांना उत्तर मिळायचं की असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय. शेवटी चोरीचे, खोट्या हिशोबाचे खटले. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त लोकांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. आणि त्या काळात इथल्या कायद्यात असं धरून चालायचे की कॉम्प्युटर बरोबरच आहे, चूक आहे असं वाटत असेल तर तुम्ही दाखवा. एका खेड्यातल्या दुकानदाराने फुजित्सूची चूक कशी दाखवायची?

ॲलन बेट्स म्हणून एक सबपोस्टमास्तर, त्याने लोक गोळा केले, ५५५ जण मिळून कोर्टात गेले, डिसेंबर २०१९ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं सिस्टीममध्ये दोष होते. सरसकट शिक्षा रद्द करायचा कायदा यायला २०२४ उजाडलं. माझ्या रस्त्यावरच्या पोस्टात जे गुजराती काका बसायचे त्यांच्यावर केस नव्हती झाली, पण रात्री अकरापर्यंत नोटा मोजत बसलेले मी खिडकीतून बघितलेत. तेव्हा वाटायचं किती कामसू माणूस.

माळावरच्या दादाचे आकडे खरे होते, होरायझनचे खोटे होते, तरी गोष्ट मला एकच वाटते. खालच्या माणसाने काही म्हटलं तर ते "नाराजी" आणि स्क्रीनने म्हटलं तर ती "माहिती".

लेजरबुक

मावशी, भयंकर आहे हे, वाचून अंगावर काटा आला. पण मी परत तेच म्हणेन, ते पाप सिस्टीमचं नाही, जे दोष माहीत असून गप्प बसले त्यांचं आहे. आणि शेवटी ते लोक सुटले कशाने? सिस्टीमच्याच नोंदी, लॉग कोर्टात काढायला लावले तेव्हा. म्हणजे आकड्यानेच सोडवलं.

रेडिंगची_मावशी

वीस वर्षांनी सोडवलं. तोवर काही वारले.

वार्षिक_सभा

सगळे मशीनवर भांडताय पण माझ्या मते प्रश्न मशीनचा नाहीच, मालकाचा आहे. १९४६ मध्ये गुजरातेत आणंदला त्रिभुवनदास पटेलांनी खेडा जिल्ह्याचा दूध संघ (आजचं अमूल) काढला तेव्हा लोकांची तक्रार काय होती, दूध घेणारा मनाला येईल तो दर लावतो. उत्तर काय काढलं, तर संघ दूध घालणाऱ्यांच्याच मालकीचा. नंतर व्हर्गीस कुरियन आले, १९७० पासून ऑपरेशन फ्लड ही देशभरची दूध योजना आली, मशिनं आली, सगळं आलं, पण गावच्या सोसायटीत दूध घालणारा सभासद होता, मत होतं, वार्षिक सभेत उभं राहून चेअरमनला घाम फोडता यायचा. आमच्या आजोबांनी सभेत ताळेबंदाचा कागद फडकावून विचारलं होतं की दिवाळीचा दर फरक (दुधामागे नंतर मिळणारे जादा पैसे) मागच्या वर्षीपेक्षा कमी का, सभा तीन तास चालली, शेवटी चेअरमनने पुढच्या महिन्यात वाढवून दिला. ते समाधान मोजायला व्हॉट्सअ‍ॅप लागत नव्हतं. आता आपल्याकडे बरंचसं दूध खाजगीकडे जातं, तिथे तुम्ही सभासद नाही, तुम्ही फक्त पुरवठादार, कोड नंबर अमुक. मग तुम्हाला १ ते ५ विचारलं तरी उपकारच म्हणायचे.

लेजरबुक

आजोबांची सभा मलाही आवडते पण तुम्ही एकच सभा सांगितली. मी टेबलावर बसून बघितलेल्या सभांमध्ये "मंजूर, मंजूर" म्हणेपर्यंत लोक जेवणाच्या लाईनीत गेलेले असायचे. कितीतरी सहकारी संघ बुडाले, ते काय आकडे जास्त बघितल्याने बुडाले का? उलट उधारी, नोकरभरती, पाहुणेरावळे, कुणी आकडा बघितलाच नाही म्हणून बुडाले. खाजगीवाला निदान दहा दिवसाला पैसे देतो. शेतकरी पायाने मत देतो साहेब, सगळेच काही बळजबरीने तिकडे गेलेले नाहीत.

वार्षिक_सभा

पायाने मत द्यायला तीन किलोमीटर चालायला लागतं आता, तोच तर धागा आहे 🙂

लेजरबुक

😀 हे घेतलं.

सांजधार

वार्षिक सभेचं एवढं कौतुक चाललंय तर विचारते, त्या तीन तासांच्या सभेत बायका किती होत्या? आमच्याकडे गोठा साफ मी करते, धार मी काढते, सरकी पेंड किती आणि मका भरडा किती ते मी ठरवते, गाय माजावर आली का आटली हे मला कळतं, सेंटरला दूध घेऊन मी जाते. कोड नंबर नवऱ्याच्या नावावर. मेसेज त्यांच्या मोबाईलवर जातो. पगार त्यांच्या खात्यावर. ते "किती समाधानी आहात" पण त्यांनाच आलं होतं, त्यांनी ५ दाबलं आणि मला संध्याकाळी सांगितलं की दाबलं म्हणून. मी म्हटलं अहो मशीनच्या सॅम्पलला तो पोरगा दूध न ढवळता वरचं घेतो कधी, खालचं घेतो कधी, साय वर असते, फॅट कसं बरोबर लागेल, हे लिहायचं होतं ना. तर म्हणाले तिथे लिहायला जागा नव्हती, आकडेच होते.

तर सभेत मी नव्हते आणि डॅशबोर्डवर पण नाही. दोन्ही बाजूंनी भांडणारे पुरुषच दिसताहेत मला इथे, मावशी सोडून.

बिनसाखर

ताई, कान पकडले. सॅम्पलचं तर अगदीच बरोबर. न ढवळता घेतलेल्या सॅम्पलवर कितीही महागडं मशीन लावा, ते चुकीच्या दुधाचं बरोबर फॅट सांगणार.

हिरवा_चारा

२०२४ ला गायीच्या दुधाला सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं तेव्हा पण हेच की हो, कानात बारा अंकी बिल्ला पाहिजे, भारत पशुधन पोर्टलवर नोंद पाहिजे. आमच्या एका गायीने कुंपणाच्या तारेत कान घालून बिल्ला तोडून घेतला. नवीन बिल्ला मारेपर्यंत बारा लिटर देणारी गाय कागदावर नव्हतीच. मी तिला रोज म्हणायचो बाई तू कशाला धार देतेस, तू तर नाहीयेस.

लेजरबुक

आणि त्याच बिल्ल्यामुळे मधल्या कुणी दोनशे गायी कागदावर दाखवून पैसे खाल्ले नाहीत, पैसे थेट खात्यावर आले, ते पण लिहा की.

हिरवा_चारा

लिहिलं समजा. बाकीच्या गायींचे आले, खोटं कशाला बोलू.

माळावरचा

सगळ्यांचं वाचलं, आज सकाळी ऑफिसला जाताना बसमध्ये परत वाचलं. लेजरबुक काका, तुमचं डिझेलचं मला आधी पटलं नव्हतं पण रात्री भावाला फोन करून आकडे मागवले आणि बसून मांडले, टेम्पोची ती वाकडी वाट खरंच परवडण्यासारखी नव्हती, निदान दोन कॅनला नाही. म्हणजे निर्णय चुकीचा होता असं मी आता छातीठोक म्हणणार नाही. पण ज्या दिवशी तो निर्णय घेतला त्या दिवशी एक माणूस वस्तीवर येऊन बोलला असता तर भाऊ आणि ते दोघे बरे गोठेवाले मिळून आळीपाळीने बाईकवर कॅन न्यायला तयार होते, त्यांनी आता तसं सुरू केलंय. चार महिने आधी केलं असतं तर काकूंची गाय राहिली असती. डेटात हा पर्याय दिसायची सोयच नव्हती कारण तो अजून घडलेला नव्हता.

ऑफिसमध्ये आज एक केलं. आमच्या रिपोर्टमध्ये "ॲक्टिव्ह कस्टमर" च्या शेजारी "या तिमाहीत सोडून गेलेले" असा एक चौकोन टाकला. मॅनेजर म्हणाला छान आहे पण लाल दिसतोय, क्लायंटला दाखवताना दुसऱ्या पानावर घे. घेतला दुसऱ्या पानावर. काय करणार.

लेजरबुक

दुसऱ्या पानावर का होईना, राहू द्या. ऑडिटवाला नेहमी दुसरं पानच आधी बघतो. आणि बाईकवर कॅन नेताय तर पेट्रोल कोण भरतंय? लिटरवर वाटा की घरटी? हे आधी ठरवा नाहीतर सहा महिन्यात भावकीत भांडणं लागतील, लिहून ठेवा.

माळावरचा

सध्या घरटी आहे. दोन गायीवाला म्हणतोय लिटरवर पाहिजे. लागलंय भांडण, तुम्ही म्हणताय तसंच 😅

लेजरबुक

लिटरवर करा. वही घाला एक.

वार्षिक_सभा

घ्या, म्हणजे वस्तीवर पण डेटा आला.

सांजधार

माळावरचा दादा, एक विचारायचं राहिलं. त्या काकूंचा कोड नंबर कुणाच्या नावावर होता?

माळावरचा

काकांच्या. भावाला आत्ता विचारून घेतलं. काका वारून सहा वर्षं झाली.